घर, वाडगं

घर असेल तर गवती शंकूची एक बाजू उजळ, एक काळी.
वाडगं असेल तर नुसतं दगडी कडं, आत शेणाचा काळोख.
एवढं कळलं की अर्धं काम झालं,
असं मी उर्मासला लिहिलं.
त्यानं लेसोथोतल्या आमच्या डोंगरावर
त्रेचाळीस घरं काढली होती.
आम्ही राहतो एकोणीस घरांत.
बाकीच्यांत मेंढ्या.

उर्मास असतो तार्तूला. तिकडे दुपारी तीनलाच अंधारतं,
मग तो आमचं ऊन उघडून बसतो.
मी बसते टपाल कचेरी बंद झाल्यावर, तिथल्याच संगणकापुढे,
वीज असेल तोवर.
दोघांत चित्र एकच: विमानातून घेतलेलं,
चार हिवाळ्यांपूर्वीचं, सकाळी दहाच्या सुमाराचं,
सावल्या नैर्ऋत्येला पडल्यात.
आणि चौदा मीटर सरकलेलं,
अख्ख्या गावानं झोपेत कूस बदलावी तसं.
मी आधी शाळेचा कोपरा धरून त्याला जागेवर आणते,
मग रेघ ओढते.

ओढ्यांची नावं मात्र आकाशातून दिसत नाहीत.
त्यासाठी न्ताते लेतुकांकडे जावं लागतं.
ते उन्हात घोंगडं पांघरून, गुडघ्यावर काठी.
"नावं नेशील. मग ती कुणाची होतील?"
मी परवाना समजावते:
कुणीही घ्यावं, वापरावं, विकावंसुद्धा,
फक्त कुणाकडून घेतलं ते सांगावं,
आणि भर घातली तर तीही अशीच उघडी ठेवावी.
ते बराच वेळ काठी फिरवत राहतात.
"म्हणजे झऱ्यासारखं.
प्या, पण झाकणाचा दगड परत जागेवर ठेवा."
त्याहून सोपं मला पुढे कधी सांगता आलं नाही.

सात ओढे, दोन खिंडी,
मुली तोंडाला लावायची लाल माती खणतात तो उतार,
सगळं वहीत उतरलं.
मग बोट पूर्वेच्या घळीवर आलं.
त्यांनी शेळीला हाक मारली. शेळी समोरच उभी होती.
मी वही मिटली.

त्या घळीत काय असतं ते इथली प्रत्येक बाई जाणते
आणि एकीलाही ठाऊक नाही.
पोरं जातात, पुरुष होऊन येतात, नवं नाव घेऊन.
मधल्या दिवसांत धूर दिसतो. धुराकडे बघायचं नसतं.

ती जागा मी कोरी ठेवली.
नकाशाला कोरं बघवत नाही.
मंगळवारी उर्मासनं तिथं एक वर्तुळ काढलं.
टॅग: झोपडी. छप्पर: गवत.
बरोबरच होतं. एक बाजू उजळ, एक काळी,
मीच शिकवलेलं.

मी पुसलं. त्यानं पुन्हा काढलं,
आणि अदबीनं विचारलं, माझं काही चुकतंय का?

उत्तराची चौकट लुकलुकत होती.
तिथं लिहिलेलंही सगळ्या जगाला खुलं,
कायमचं.
'इथं बघू नका' लिहिणं म्हणजे
बोट दाखवणंच.
'इथं काही नव्हतं' लिहावं, तर
आजवर एक पायवाटही मी खोटी काढलेली नाही.

मग आठवलं.
पोरं घरी निघतात त्या पहाटे झोपडी पेटवून देतात
आणि मागं न बघता चालू लागतात.
एवढं बायकांनाही माहीत असतं, वास गावात येतो.
आणि चित्र चार हिवाळ्यांपूर्वीचं.

मी लिहिलं:
ही झोपडी आता अस्तित्वात नाही.
आधार: स्थानिक माहिती.

उर्मासनं आभार मानले, वर्तुळ काढून टाकलं,
आणि खालच्या उतारावर वळून
घरांची वाडगी करायला लागला, एकेक करून.
तेविसाव्यावर होता, तेव्हा इकडची वीज गेली.

कुलूप लावून बाहेर आले.
पूर्वेकडून जळक्या गवताचा वास येत होता.
मी लांबच्या वाटेनं घरी गेले.