काठावर पास

दिवसभर मी समुद्रातून मीठ काढतो.
हिदच्या प्लांटवर, बारा तासांची पाळी.
गोडं पाणी शहराच्या पाइपात,
उरलेलं दुप्पट खारट परत आखातात.

रात्री खोलीवर येऊन
गोड्या पाण्यात मीठ कालवतो.
अंदाजाने नाही, काट्यावर तोलून.
पस्तीस.
शाळेत एवढ्यावर काठावर पास करायचे.
इथे एवढ्यावर पाच कोळंब्या जगतात.
छत्तीस, सदतीस झालं की मिशा आखडतात,
पाण्याशी त्यांचा छत्तीसचा आकडा.

टाकी माझी नाही, रोमेलची.
सेबूला दोन महिन्यांच्या रजेवर जाताना
कपाटाच्या दारावर कागद चिकटवून गेला:
दिवा सहा तास. खाणं चिमूटभर, एक दिवसाआड.
पाणी उडालं तर गोडंच घाल,
मीठ उडत नाही.
शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

तिसऱ्या महिन्यात त्याचा लॉकर
एका नव्या पोराला मिळाला.
कुणी काही बोललं नाही. इथे बोलत नाहीत.

मग शेवाळ आलं.
आधी वाळूवर तपकिरी भुकटी,
मग दगडाला हिरवे केस, लांब, ओले,
पंपाच्या प्रवाहात हलणारे.
चूक माझीच.
आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करून वाढतात,
आणि एकट्याने जेवताना
मी रोज त्यांनाही थोडं जास्तच वाढत होतो.
कोळंबी आग्रह मानत नाही.
ताटात टाकलेलं शेवाळ खातं.

मुहर्रकच्या दुकानातल्या अब्बासने
दिनारला तीन गोगलगायी दिल्या
आणि फुकट एक शब्द: सबर.
दगड जुन्या टूथब्रशने घासले.
काच खरवडली मुदत संपलेल्या सीपीआर कार्डाने,
माझाच आठ वर्षांपूर्वीचा केसाळ चेहरा
हिरव्या गाळात वरखाली.
मग तीन दिवस टाकीवर चादर. अंधार.

चौथ्या सकाळी चादर काढली
तर वाळूवर एक आडवी.
पांढरी. पाय शाबूत, मिशासुद्धा शाबूत.
रोमेलला लिहायला घेतलं, एक गेली,
आणि अर्ध्यावर सहज मोजल्या.
दगडामागे पाच.
एक जरा मऊ, लाजल्यासारखी आत सरकलेली.
वाळूवर होतं ते तिचं जुनं अंग.

लिहिलेलं पुसलं. फोटो पाठवला.
एक टिक.
अजून एकच टिक.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली,
"सुंगटा कोण पाळता रे, मेल्या?"
आणि वेंगुर्ल्याहून इथवर हसत राहिली.

मागची काच आता घासत नाही.
तिथे हिरवं राहू दिलंय तळहाताएवढं.
रात्री दिवा गेला की त्या तिथे जमतात,
बारीक हातांनी चिमटीचिमटीने काहीतरी वेचतात.
सगळंच काढायचं नसतं,
हे त्या कागदावर नव्हतं.

ऑगस्टात रोज बोटभर पाणी उडतं.
काचेवर मार्करची रेघ आहे, तिथवर भरतो,
प्लांटच्या लॅबमधून कॅनमधून आणलेलं गोडं,
मीच मीठ काढलेलं.
आज साडेपस्तीस होतं.
अर्धा पेला ओतला, हळू, काठाने.