दुसरी जोडी

पारोळ्याच्या वृद्धाश्रमात, भर मे महिन्यात,
दात नसलेल्या अकरा जणांची बट्टी
मी हातानं चुरते. मोजे घालून.

सुपडू अण्णा रोज म्हणतात,
"माय, रबरनी चव येस."
मी वरण वाढते, वर तुपाची धार.

गेल्या साली याच हातानं
फोन उचलला, कडी काढली,
दूधवाल्याची मोड मोजली
आणि तसाच हात दहीभातात घातला.
मोजा होता ना.
मला वाटायचं, मोजा म्हणजे धुतलेला हात.

तीन दिवस संडासाबाहेर रांग.
चौथ्या दिवशी धुरपताबाईंना सलाइन.
सुईकडे बघत म्हणाल्या,
"दही गोड होतं पण."
तेवढंच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता कडीला कोपर.
फोन वाजतो, वाजू दे.
कालचं वरण कितीही चांगलं दिसलं तरी बाहेर,
अण्णा हळहळतात, हळहळू देत.

दुपारी मोजे सोलून काढते
तेव्हा घाम ठिबकतो फरशीवर,
आणि आतून निघतात
पांढरी, सुरकुतलेली, ऐंशी वर्षांची बोटं.
धुरपताबाईंची म्हणून खपतील अशी.

साबण लावते. पुसते.
ती माझी व्हायला पाव तास लागतो.
तोवर चहाची वेळ होते.
मी दुसरी जोडी काढते.