दोन बाजूंना पाणी

हॉटेलच्या गल्ल्यावरचा पोरगा जागाच होता,
फोनवर कुणाचं तरी लग्न बघत.
माझ्या बुटांकडे पाहून त्यानं दार उघडलं
आणि उताराकडे बोट केलं : समुद्र.
जणू मी तो मागितला होता.

परक्या गावात माझा नियम एकच.
जाताना पाणी डाव्या हाताला,
येताना उजव्या.
एवढ्यावर नऊ बंदरं धावले आजवर,
नकाशा न उघडता, कुणाला न विचारता.
यंत्रं दुरुस्त करणाऱ्या बाईला
गावं अशीच भेटतात : पहाटे पाऊण तास,
पुढं दिवसभर इस्पितळाचं तळघर.

सिनोपमध्ये नियम बुडाला.
इथली जमीनच समुद्रात घुसलेली, आणि मुळाशी इतकी बारीक
की तटाच्या कमानीतून बाहेर पडले तेव्हा
पाणी डावीकडे होतं,
दोन गल्ल्यांनंतर उजवीकडे.
मी वळले नव्हते, शपथ.
एक समुद्र होड्या पोटाशी घेऊन निजलेला,
दुसरा सताड उघडा,
पलीकडच्या देशापर्यंत मध्ये काहीच नसलेला,
त्याचा वारा थेट दातांवर.

कानात पिवळा बिल्ला टोचलेला कुत्रा
बरोबर धावला थोडा वेळ.
एका विजेच्या खांबापाशी थांबला.
त्याची हद्द संपली असावी.
माझी कुठे संपते ते सांगणारं कुणी नव्हतं.
पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून शिवणाऱ्या माणसाला
खुणेनं विचारलं, बंदर?
त्यानं सुईनं डावीकडे दाखवलं,
मग विचार करून उजवीकडेही.

गुडघा कुरकुरायला लागला होता
तेव्हा डोक्यावरून टोपली आली.
तिसऱ्या मजल्यावरून, दोरीनं,
माझ्या नाकासमोर येऊन लोंबकळली.
आत दोन नोटा, चिमटा लावलेल्या.
वरून एक म्हातारी ओरडत होती,
मला, नक्की मलाच,
आणि त्या सगळ्यातला एकच शब्द मला येत होता : एकमेक.
पाव.

(आपल्यात एकमेक म्हणजे दोघं लागतात.
इथे एक पुरतो.)

बेकरी समोरच.
भट्टीवाल्यानं माझा घाम पाहिला, नोटा पाहिल्या,
"शाझिये आबला?" म्हणाला,
आणि मी उचललेला पाव काढून घेतला हातातून.
त्याऐवजी खालचा, काठानं करपलेला दिला.
तिला तसा लागतो, हे त्याच्या भुवयांनी सांगितलं.
सुटे पैसे मोजून माझ्या तळहातावर ठेवले,
जसे रोजच्या माणसाच्या ठेवतात, न बघता.

टोपली वर गेली, भिंतीला दोनदा आपटत.
मी नाडी बांधायला वाकले.
खरं तर थांबले होते.
वर पाव दाबून पाहिल्याचा आवाज,
मग खिडकी लागल्याचा.
बरं, म्हटलं, झालं,
आणि चार पावलं गेले असेन
तर मागून पुन्हा हाक.
टोपली परत खाली. तिच्यात मूठभर फुंदुक,
टरफलासकट,
आणि तिचा हात हवेत, जा, जा, धाव.

धावले. खिशात खुळखुळत.
कुठलं पाणी कुठल्या हाताला, पाहिलं नाही.
उतार आला तशी उतरले आणि हॉटेल सापडलं,
किंवा मी त्याला.
घड्याळ म्हणालं, पाच किलोमीटर सातशे,
मध्ये अकरा मिनिटं
तुम्ही कुठेच गेला नाहीत.

दुपारी तळघरात सोनोग्राफीचं यंत्र उघडलं.
स्क्रू मोजून ताटलीत ठेवत होते,
खिशातलं एक फुंदुक त्यांच्यात घरंगळलं.
मदतीला आलेल्या तुरुलनं ते उचललं,
उजेडात धरलं,
हा कुठला भाग, असं मला विचारणार तोच हसला.
पकडीत दाबलं. कट्.
अर्धं त्यानं खाल्लं,
अर्धं ताटलीत, माझ्या बाजूला ठेवलं.