नाव फुकट

मंगळवारच्या बाजारात
भाजीच्या ओळी संपल्या की मिरचीची पोती,
मिरचीनंतर शिंका,
शिंकांच्या पलीकडे दोर, विळे, बैलांच्या घुंगरमाळा,
आणि तिथून डाव्या हाताला
शाळेच्या कंपाउंडाला टेकून
जुन्याचा बाजार.

मुद्दाम कोणी येत नाही इथं.
आडोशाला आलेली माणसं जाताजाता थांबतात,
डाव्या पायाचा एक बूट उचलून पाहतात
आणि उजवा कुठाय ते न विचारता
ठेवून देतात.

मुंग्यांनी पोटात घर केलेला रेडिओ.
किल्ली नसलेलं कुलूप.
शेजारच्या डब्यात कुलूप नसलेल्या किल्ल्या,
पाचाला मूठभर, पोट्टे घेतात.
दोरीवर टांगलेले चष्मे, साताठ:
उकंडराव एकेक डोळ्यांवर चढवतो,
समोरच्या लिंबाची पानं मोजतो,
"यातून पानं दिसतात, मानसं नाई दिसत,"
म्हणतो, दुसरा मागतो.

मी बसतो पंचफुलाबाईच्या पोत्यापाशी.
गंज, गडवे, कोपर, ताटं;
मोडीत जायच्या आधीचा त्यांचा शेवटला मुक्काम.
काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं,
बोटानं वाचावं लागतं:
चि. देविदासच्या लग्नात मामाकडून.
कै. सखूबाईच्या तेरवीनिमित्त.
नवयुवक कबड्डी मंडळ, दुसरा नंबर.

मागच्या मंगळवारी एक डबा घेतला:
कु. बेबी श्रावण मेश्राम, ९-५-८७.
पंचफुलाबाईनं ताजव्यात टाकला.
"दीडशे. वजन भांड्याचं, बापा.
नाव फुकट."

मग धोटेचं हॉटेल,
म्हणजे चार बल्ल्या अन् एक ताडपत्री.
आलूबोंडा त्याच डब्यात कुस्करून घेतला,
वरून रस्सा, वरून सांबार, वरून धोटेची मेहरबानी.
तर्री काठावरून ओघळली,
टिंबाटिंबांत भरत गेली
आणि बेबी श्रावण मेश्राम
लालभडक, लांबूनही वाचता आली.

घरी गोकर्णा म्हणाली, "हे बेबी कोन?"
"बाजारात भेटली," म्हणालो.
ती हसली नाही.
राखेनं डबा घासला, दोनदा,
उन्हात पालथा घातला.
रात्री लाइट बंद केल्यावर बोलली:
"माह्या नावाचा एक गंज होता.
बाबानं वरुडहून कोरून आनला होता.
तुमच्या बहिनीच्या बाळंतपनात गेला,
मंग आलाच नाई."
एकोणीस वर्षांत
मी हे पहिल्यांदा ऐकत होतो.

या मंगळवारी ती सोबत आली.
वांगी पाहिली नाहीत, भाव केला नाही,
थेट पोत्यापाशी जाऊन बसली,
एकेक भांडं फिरवत, काठावर बोट नेत.
तिचं पाहून आणखी दोघी बसल्या.
"तुमचं नाव काय व बाई?"
"चंद्रभागा. अन् तुमचं?"
मग तिघी तिघींची नावं शोधू लागल्या.
पंचफुलाबाई पानाला चुना लावत म्हणाली,
"घेनं होईन त घ्या, नाई त शाळा भरवा माह्या इथं."

एका गंजावर 'गो' निघालं.
पुढं पोचा आलेला,
तारेच्या घासणीनं बाकीचं खाऊन टाकलेलं.
गोकर्णानं तो मांडीवर धरला
बराच वेळ.
"गोविंद असन," म्हणाली, "नाई त गोदावरी."
आणि अलगद ठेवला जाग्यावर,
दुसऱ्या कोणाचं लेकरू ठेवावं तसा.

धोटेकडे तिनं तीन आलूबोंडे खाल्ले,
वरून तळलेली मिरची.
नाक लाल, डोळ्यांत पाणी,
पदरानं दोन्ही पुसत म्हणाली,
"पुढच्या मंगळवारी लवकर निघू.
त्या चंद्रभागाचं तरी
सापडते काय पाहू."