हाऊ कोना शे?

बोरीचा पूल ओलांडला की पैलाडला
उखर्डू पिंजारींचं भंगाराचं दुकान.
शनिवारी मी जातो.
पितळी नळांच्या ढिगामागे
माझ्यासाठी कीबोर्ड बाजूला काढलेले असतात,
भाव किलोवर.

आज एक निघाला, पावणेतीन किलोचा.
पाठीवरचं लेबल कुणी नखानं खरवडलेलं,
डिंकाचा चौकोन तेवढा शिल्लक.
उखर्डूभाई विचारतात, "हाऊ कोना शे?"
लग्नात पंगतीच्या टोकाला बसलेल्या
अनोळखी पोराला विचारावं, तसं.

मी स्क्रू काढतो.
एक कळ उपटतो: खालचा दांडा शेवाळी,
स्प्रिंग जाड, आणि दाबल्यावर
अडकित्त्यात सुपारी फुटल्याचा आवाज.
अक्षरं छापलेली नाहीत, ओतलेली,
एका प्लॅस्टिकच्या पोटात दुसरं प्लॅस्टिक.
झाकणाच्या आतून साच्याचं बारकं घड्याळ,
मधे ८८, बाण नवव्या महिन्यावर.
शेजारी कुणा तपासनिसाची निळी सही
मला न येणाऱ्या लिपीत.

तैवान म्हणावं, तर केबल त्या घराण्याची नाही.
जपान म्हणावं, तर इतका पातळ पत्रा
माझ्या पाहण्यात तरी नाही.
वहीत लिहितो: कारखाना, आणि पुढे प्रश्नचिन्ह.
वहीतलं बाविसावं.

तोवर उखर्डूभाईंनी
कळांखालचं मळकं पुंजकं चिमटीत धरलंय.
ओढतात. उन्हात धरतात. पुन्हा ओढतात.
"धरणगाव," म्हणतात. "जिनिंग.
रोलरचं, जुनं. करवतीच्या जिननं
धागा एवढा लांब राहत नाही."
मग आकड्यांच्या बाजूला
पाच नि शून्य, काचेसारखे गुळगुळीत झालेले,
त्यांच्यावर अंगठा फिरवत,
"काट्याच्या पावत्या करे हाऊ."

पिंजायची कमान त्यांच्या बापासोबत गेली.
ते भंगारात आले.
नावाचं एकदा त्यांनीच सांगितलं होतं:
आधीची तीन मुलं राहिली नाहीत,
म्हणून चौथं आईनं उकिरड्यावर ठेवलं,
शेजारणीनं उचललं आणि
मूठभर बाजरीला परत विकलं.
"माझं लेबल पक्कं," म्हणून हसले होते.

प्रश्नचिन्हाखाली मी धरणगाव लिहितो.
त्यांनी कीबोर्ड तागडीत टाकला,
केबल सोडून वजन धरलं,
पाच रुपये सोडले नाहीत.
मी पिशवीचं तोंड बांधत होतो, तेव्हा
कापसाचं ते पुंजकं
त्यांनी फुंकर मारून साफ केलं
आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवलं.