शहाऐंशी नंबरचा ठेका

चाळीस डॉलरला मिळालं. पुलापलीकडे, सुपीरियरमध्ये,
एका गॅरेजसमोरच्या टेबलावर,
वॉफल भाजायचा साचा आणि स्कीचा एकच बूट
यांच्या मधे पडलं होतं.
"माझ्या माजी जावयाचं," मार्लिस नावाची बाई म्हणाली,
"तो काही न्यायला यायचा नाही. तू ने."
खालच्या बाजूला काळ्या मार्करने लिहिलेलं: लाइल.

डुलूथमधलं आमचं तळघर म्हणजे
घर गरम ठेवणारी भट्टी, कपडे धुण्याचं यंत्र,
आणि उरलेल्या कोपऱ्यात मी.
चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर, मेव्हण्याचा माइक,
आवाज अडवायला दोरीवर दोन ब्लँकेटं.
दिवसा शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे ट्रे विसळतो,
रात्री इथे गाणी करतो.
करतो म्हणजे, सुरू करतो.

ड्रमर एक होता पूर्वी, ऑरिन.
तिसऱ्या बिअरपर्यंत लय धरायचा,
चौथीनंतर लय त्याला धरायची.
या यंत्राला तहान नाही.
एकशेबारा म्हटलं की एकशेबारा,
बाहेर उणे वीस असो, सरोवर गोठलेलं असो,
सोळा दिव्यांवरून तांबडा ठिपका पळतो
आणि कडेला पोचला की मुकाट मागे येतो.

पंच्याऐंशी ठेके कारखान्यातूनच आलेले.
रॉक एक, रॉक दोन, एक बोसा नोव्हा,
इस्त्री केलेले, घडी न मोडलेले.
शहाऐंशीवर मात्र कुणीतरी बसून गेलं होतं.
खुर्ची अजून ऊबदार होती.
स्नेअर जिथे पडायला हवा
तिथे पडत नाही. येतो,
पण दारात बूट झाडून, मग आत.
आणि चौथ्या फेरीत किक येतच नाही.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा पाय हवेत राहिला.

जानेवारीत पडद्यावर अक्षरं उमटली: बॅटरी.
ही आतली, नाण्याएवढी, सोल्डर केलेली.
तीच सगळं लक्षात ठेवते. ती काढली
की यंत्र कोरं, बाळासारखं.
मी ब्रीटाच्या गणिताच्या वहीतलं चौकटीचं पान फाडलं,
(उद्या ओरडेल, ओरडू दे)
आणि शहाऐंशी उतरवून घेतला,
चौकट चौकट, टिंब टिंब,
दोनदा मोजून.
मग इस्त्री गरम करावी तशी सोल्डरची काडी गरम केली.

नवी बॅटरी बसली. दिवे लागले.
टिंबं पुन्हा भरली, एकही चुकलं नाही.
वाजवलं.
रॉक एकचा चुलतभाऊ वाजला.
सगळं जागच्या जागी, वेळच्या वेळी,
आणि खुर्ची गार.
तेव्हा कळलं, लाइलने चौकटी मोजल्याच नव्हत्या,
बोटांनी ठोकला होता सरळ.
त्याचा उशीर दोन रेघांच्या मधे होता,
तिथे माझ्या पेन्सिलचं टोक शिरत नाही.

मार्लिसला फोन केला. गायचा का तो?
"कोण जाणे," ती म्हणाली. "सतत खाली असायचा."
मागे टीव्ही चालू होता. तिने विचारलं,
वॉफलचा साचाही हवाय का, अजून पडून आहे.

मग आठवलं. नोव्हेंबरमध्ये,
गिटारचा आवाज जमवताना,
मी शहाऐंशी टेपवर घेतला होता, असाच, कामापुरता.
अक्राळविक्राळ पेटाऱ्यात शोधला, तिसऱ्या रात्री सापडला.
चार मिनिटं, दहा सेकंद.
लाइल दारात बूट झाडतो आहे.
किक येत नाही, येत नाही, मग येते.
आणि दुसऱ्या मिनिटाला, धप्प,
आमची भट्टी पेटते,
आणि पुढे शेवटपर्यंत खर्जात घुमत राहते.

ती काढता येत नाही. प्रयत्न केला.
आता त्याच टेपवर गाणं करतोय.
पहिलं कडवं झालं आहे.
दुसऱ्या मिनिटाच्या जरा आधी मी गप्प होतो,
गिटारच्या तारांवर तळवा ठेवतो,
आणि वाट बघतो.