डब्याचं माप

किसुमूच्या बाजारात ओमेना डब्यानं विकतात.
करंगळीच्या पेराएवढी मासळी,
तळ्याकाठी जाळ्यावर वाळवलेली.
माझा डबा वनस्पती तुपाचा, बूड जरासं आत गेलेलं.
हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं, मलाही,
आणि आम्ही दोघीही त्याबद्दल बोलत नाही.

तीन डबे म्हणजे अपियोच्या दहा दिवसांच्या कॅप्सूल.
एक डबा म्हणजे दवाखान्यात जायचं भाडं,
यायचं नाही.
रात्री हाडं ठणकायला लागली की
मोटरसायकलवाला ओगुतू म्हणतो, पैसे नंतर दे.
आणि नंतर खरंच मागतो. त्यालाही पोरं आहेत.

दोघी एकाच रात्री झाल्या.
आधी आली ती अपियो, मागून आली ती अदोंगो.
आमच्यात जुळ्यांना नावं शोधावी लागत नाहीत,
ती दारातच उभी असतात.
रक्ताचं तसं नाही.
एकीच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या,
दुसरीच्या गोल.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर चार चौकोन काढले,
म्हणाल्या, चारांत एक.
मी म्हटलं, पण मला तर दोनच आहेत.

पहिल्यांदा चर्चमध्ये टोपली फिरली
तेव्हा एका म्हातारीनं तिच्यात जिवंत कोंबडी ठेवली होती.
तिसऱ्यांदा टोपली माझ्यासमोर आली
ती इतकी हलकी
की मीच तिच्यात वीस शिलिंग टाकले,
लाजेनं.

नवरा नैरोबीत वॉचमन आहे.
महिनाअखेर फोन वाजतो.
एखाद्या महिन्यात वाजत नाही.
तेव्हा मी कॅप्सूल एक दिवसाआड देते.
डॉक्टरीणबाईंना सांगत नाही.
अपियोला सांगते, आज सुट्टी.
ती हसते. नऊ वर्षांची आहे,
तिला सगळं कळतं.

आणि अदोंगो.
फीपायी शाळेनं परत पाठवलं
तर येऊन म्हणाली, सर आजारी आहेत.
आठवडाभर सर आजारी होते.
मी विचारलं नाही.
एका पोरीच्या दुखण्याची फी दुसरी भरते आहे
हे विचारायचं कुणाला?

काल घरामागे ठकठक ऐकू आली.
पाहते तर डबा उपडा घातलेला,
अदोंगोच्या हातात दगड,
बूड आणखी आत.
म्हणाली, थोडंसंच, आई. कुणाला कळणार नाही.

माझा हात उठला होता.
मग त्या हाताचं काय करावं ते सुचेना,
म्हणून तिच्याकडून दगड घेतला
आणि आतून ठोकत बसले, बूड सरळ व्हावं म्हणून.
पत्र्याला आपली जागा आठवेना.
ते बाहेरच आलं, पोटासारखं.
आता डबा ठेवला की डुलतो,
आणि दर मापाला मूठभर मासळी जास्त जाते.

आज गिऱ्हाइकं रोजच्यापेक्षा जास्त होती.
नफा किती झाला ते अजून मोजलेलं नाही.
अपियो आत झोपली आहे, गुडघे पोटाशी घेऊन.
मी ओमेना ओतते.
अदोंगो दोन्ही हातांनी डबा धरून बसली आहे,
डुलू नये म्हणून.